नववी विज्ञान: फुगा लावूनही वजन ३ ग्रॅमनं कमी भरतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी लेक नववीत, मराठी माध्यमात आहे. मी कॉमर्सची, विज्ञान दहावीलाच सुटलं, म्हणून इथे विचारते.

द्रव्य अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेआधी आणि नंतर एकूण वस्तुमान तेवढंच राहतं) तिला पाठ आहे, पण तिला तो काट्यावर बघायचा होता. रविवारी काचेच्या बाटलीत २०० मिलि व्हिनेगर घेतलं, १० ग्रॅम खायचा सोडा पुडीत बांधून शेजारी ठेवला. सगळं मिळून ४५९ ग्रॅम. सोडा टाकला, फसफसून फेस वर आला, शांत झाल्यावर काटा ४५४. वायू उडून गेला हे तिचं तिलाच कळलं. म्हणून दुसऱ्यांदा सोडा फुग्यात भरून फुगा बाटलीच्या तोंडाला दोऱ्यानं घट्ट बांधला. ४६२ भरले. सोडा आत पाडला, फुगा टम्म फुगला आणि काटा ४५९!

तीनदा केलं. सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही पाहिलं. गळती कुठेच नाही, तरी दर वेळी ३ ग्रॅम कमी. "आई, मग परीक्षेत खोटं लिहू का?" असं विचारते. तिचं काय चुकतंय?

दुसरी शंका: क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ दिलंय. प्रोटॉनचं वस्तुमान १, न्यूट्रॉनचंही १, मग हे अर्धं कुठून आलं?

प्रतिसाद १

ताई, लेकीचं काही चुकलेलं नाही. तिचा काटा इतका नीट वाचला गेलाय की त्यानं दुसरीच गोष्ट पकडली आहे.

आधी अणुवस्तुमानांचा हिशोब बघा. सोड्यात सोडिअम २३, हायड्रोजन १, कार्बन १२ आणि तीन ऑक्सिजनचे ४८, एकूण ८४. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड १२ + ३२ = ४४. म्हणजे ८४ ग्रॅम सोड्यामागे ४४ ग्रॅम वायू, १० ग्रॅममागे सव्वापाच. थोडा पाण्यात विरघळून राहतो. उघड्या बाटलीतून ५ ग्रॅम गेले ते हेच.

आता फुगा. तो वायू जवळजवळ पावणेतीन लिटर जागा व्यापतो, म्हणजे तेवढी हवा फुग्यानं बाजूला सारली. विहिरीत बुडालेली कळशी हलकी लागते ना, तसंच हवाही फुग्याला वर उचलून धरते, बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकी. पावणेतीन लिटर हवा साधारण ३ ग्रॅम भरते. तुमचे ३ ग्रॅम हेच! वस्तुमान सगळं आत आहे, काट्यावरचा भार तेवढा कमी झालाय.

म्हणून भांडं फुगणारं नको. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएनं १७७४ मध्ये कथील तापवलं ते सीलबंद काचेच्या भांड्यात, आणि भांडं उघडेपर्यंत वजन बदललं नाही. पण सोडा-व्हिनेगरच्या बाटलीला बूच कधीही लावू नका, दाबानं काच फुटेल. वायू न सुटणारी अभिक्रिया घ्या. खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची निवळी बरणीत घ्या. औषधाच्या टोपणात धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून ते निवळीवर अलगद तरंगत ठेवा. झाकण लावून वजन करा, मग बरणी तिरकी करा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.

प्रतिसाद २

३५.५ बद्दल. एकाही क्लोरीन अणूचं वस्तुमान ३५.५ नसतं. १७ प्रोटॉन प्रत्येकात असतातच, त्याशिवाय तो क्लोरीन नव्हेच. पण काहींत न्यूट्रॉन १८, काहींत २०. वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) ३५ आणि ३७, हीच समस्थानिकं. निसर्गात १०० अणूंत ३५चे सुमारे ७५ आणि ३७चे २५ सापडतात. ७५×३५ + २५×३७ = ३५५०, भागिले १०० म्हणजे ३५.५. वर्गातल्या मुलांच्या उंचीची सरासरी काढावी तशी ही सरासरी आहे, त्या उंचीचं मूल वर्गात असेलच असं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲस्टननं १९१९ साली मास स्पेक्ट्रोग्राफ (वस्तुमानानुसार अणू वेगळे करणारं यंत्र) बांधला आणि त्यावर हे दोन प्रकार वेगळे दिसले, तेव्हा न्यूट्रॉन सापडायचा होता. तो ब्रिटिश शास्त्रज्ञ चॅडविकनं १९३२ मध्ये शोधला.

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे. काल रात्री बरणी तिरकी केली. काचेसारखी निवळी क्षणात दुधासारखी पांढरी झाली, आणि काटा आधी ६१८, नंतरही ६१८. लेकीनं झाकण न उघडता पाच वेळा वजन केलं.

आता नवीनच. तिनं सोडा २० ग्रॅम घेतला, व्हिनेगर तेवढंच, पण फुगा आधीपेक्षा जेमतेम मोठा झाला. तळाला पांढरा गाळही उरला. दुप्पट का नाही?

प्रतिसाद १

बाटलीवर ॲसेटिक आम्ल किती टक्के लिहिलंय ते बघा. ४ असेल तर २०० मिलिमध्ये आम्ल ८ ग्रॅमच्या आसपास. ६० ग्रॅम आम्लाला ८४ ग्रॅम सोडा लागतो, तर ८ ग्रॅमला किती, हे त्रैराशिक तिलाच मांडू द्या. उत्तर इथे टाका, मग स्थिर प्रमाणाच्या नियमाकडे (संयुगात मूलद्रव्यांच्या वस्तुमानांचं प्रमाण नेहमी ठरलेलं असतं) वळू.