तोफेत दारू नव्हती, रबर होतं
झाझेल ही तोफेतून उडण्याचा खेळ करणारी कलाकार. तिला तोफेत दारू ठासून उडवत, असं काहींना वाटतं. पटणारं वाटलं तरी तसं नव्हतं. 2 एप्रिल 1877 रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅक्वेरियम या करमणुकीच्या सभागृहात खेळाचा आयोजक फारिनी याने तिला तोफेतून उडवलं, तेव्हा जोर होता तो ताणलेल्या रबरी स्प्रिंगांचा. नळीत आतल्या बाजूला सरकती फळी, तिच्यावर पाय टेकवून ती उभी. खटका सुटला की फळी पुढे झेपावते आणि तोंडाशी येऊन अडते, माणूस मात्र तसाच पुढे जातो. धूर आणि धडाका वेगळ्या दारूचा, फक्त प्रेक्षकांसाठी. खरी दारू ठासली असती तर तो दणका शरीराला झेपलाच नसता.

खरी कसब होती ती नळीच्या आत. सुटण्याच्या क्षणी गुडघे, कंबर, मान सगळं काठीसारखं ताठ हवं. गुडघा जरा सैल राहिला तर धक्का तिथेच जिरतो, पल्ला कमी पडतो आणि जाळं चुकतं. रबराचाही भरवसा नाही: थंडीत ते कडक होतं, वापराने सैलावतं, म्हणजे तोच ताण रोज तेवढाच फेकेल असं नाही. आणि जाळ्यात पडायचं ते पाठीवर, हनुवटी छातीशी घेऊन. पाय आधी टेकले तर घोटा दोरीच्या घरात अडकून पिरगळतो. एवढं सगळं तिला हवेतल्या क्षणभरात साधायचं होतं, आणि तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती. तिच्या धाडसाइतकंच तिच्या शिस्तीचंही कौतुक व्हायला हवं.