कामावर आपलं नाव लागावं म्हणून तुम्ही काय केलंत? अनुभव सांगा

तापीकाठ
काल जळगावहून पुतणीचा फोन आला. दाल मिलच्या ऑफिसात लागलीय, पहिलीच नोकरी. तुरीच्या आवक-जावकीचं सगळं शीट तिने बसवलं आणि मीटिंगमध्ये ते दुसऱ्याच्याच नावावर गेलं. फोनवर रडत होती. मला माझी धुळ्यातली पहिली नोकरी आठवली. हिशेब मी जुळवायचे, फाइल घेऊन साहेबांपुढे सिनियर जायचे. मग मी प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात 'तयार केले' लिहून सही आणि तारीख टाकायला लागले. कोणाला विचारलं नाही. मार्चमध्ये ऑडिटरने एक आकडा विचारला, सिनियरना सांगता येईना. ऑडिटरने कोपऱ्यात बोट ठेवलं, म्हणाले, "या बाईंना बोलवा." त्या दिवसापासून फाइल घेऊन मीच आत जायला लागले.
तुमचंही लिहा. तिला वाचायला देणारे.

रावेरची_सून
केळीच्या पॅकहाऊसला होते. केळ्याची जाडी मोजायचं कॅलिपर माझ्या हातात, कुठली फणी बॉक्समध्ये जाईल ते मी ठरवायचे, पण मालकाचा फोन सुपरवायझरला. मग कंटेनर निघाला की मी मालकांना व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकायचे. किती बॉक्स भरले, किती माल काढला, का काढला. कोणाची तक्रार नाही, फक्त आकडे. पुढे मालक आधी मलाच विचारायला लागले. पगार मात्र मागितल्यावरच वाढला. मागा गं पोरींनो, आपणहून कोणी देत नाही.

शिरपूर८८
सही-तारखेचं आजपासूनच सुरू करते 🙏

सातपुडा_सिस्टर
ड्युटीवर आहे, पटकन लिहिते. सरकारी नोकरीत असाल तर गोपनीय अहवालात (वर्षभराच्या कामावर साहेब शेरा देतात तो) स्वतःच्या कामाबद्दल लिहायची जागा असते. तिथे सगळ्या जणी 'नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली' लिहून मोकळ्या होतात. असं नका करू. मी धडगावकडच्या पाड्यांची नावं लिहिते, पावसात कुठे चालत गेलो, किती बाळांना डोस दिले, सगळं. आणि शेरा काय मिळाला ते बघून घ्या. 2008 च्या देवदत्त खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, नुसता वाईटच नाही. प्रत मागायला लाजू नका.

भुसावळ_लोकल
माझं वेगळंच. बाळंतपणाच्या रजेवरून आले तर माझ्या सगळ्या पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाईकं, दुसऱ्याकडे, मला नुसतं फायलिंग. 2017 पासून 26 आठवडे रजा आहे हे माहीत असतं सगळ्यांना, पण रजेवर असताना बाईचं नुकसान होईल अशा नोकरीच्या अटी बदलता येत नाहीत, हेही त्याच कायद्यात आहे. मी ते कलम लिहून मेल केला. निम्म्या पार्ट्या परत आल्या. बाकीच्यांसाठी भांडतेय अजून.

शिरपूर८८
@भुसावळ_लोकल बाळ किती महिन्यांचं? माझी पण लहान आहे, रात्रभर जागवते

भुसावळ_लोकल
नऊ. दात येताहेत, विचारू नकोस

अमळनेरची_मावशी
रडू नको वं माय म्हणावं तिला. आपल्या जळगावातून प्रतिभाताई 1962 साली सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या, 2007 ला राष्ट्रपती. आमचे वडील आम्हा बहिणींना हे सांगून सांगून शिकवायचे. मी शिक्षिका होते. स्नेहसंमेलन आम्ही बायांनी उभं करायचं, आभार पुरुषांचे. एका वर्षी सूत्रसंचालन मीच मागून घेतलं आणि रांगोळीवाल्यांपासून स्वयंपाकवाल्या ताईंपर्यंत सगळ्यांची नावं माईकवर घेतली. स्वयंपाकवाल्या ताई पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. पोरींनो, वर गेलात की खालच्या बाईचं नाव घ्या, एवढं माझं ऐका.

तापीकाठ
मावशी ❤️ हे तिला आत्ताच पाठवते.

चोपडा_कर
आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला, विसर्जनाच्या सोमवारी कोणाच्या ऑफिसला सुट्टी असते का? आमच्याकडे दरवर्षी तोंड वाकडं करतात

शिरपूर८८
नसते. मी आधीच रजा टाकून ठेवते

चोपडा_कर
@रावेरची_सून ताई, पॅकहाऊसला मुली घेताहेत का? नणंद बीएस्सी ॲग्री झालीय, घरी बसून आहे

रावेरची_सून
घेताहेत. सकाळी लवकर पाठवा, गाडी भरायला लागली की कोणी बोलत नाही. आणि पगार पहिल्याच दिवशी विचारायला सांगा.