मुलीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. काय करावं?

प्रश्न
आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. घरात आम्ही दोघं मराठीच बोलतो. तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत देते. “मराठीत बोल” म्हटलं की गप्पच बसते. लिपी आत्ता सुरू करावी की आधी बोलणं सुधारावं?

प्रतिसाद १
“मराठीत बोल” आधी बंद करा. तिला काहीतरी सांगायचं असतं आणि मराठी मध्येच आडवी येते, असं तिच्या मनात बसतं. ती “आय वॉन्ट मोअर वरण” म्हणाली तर विचारा, “अजून वरण हवं? एक पळी की दोन?” तिचंच वाक्य तिला मराठीत ऐकू येतं आणि उत्तराला लागणारे शब्द तुमच्या प्रश्नातच सापडतात. हो-नाहीचे प्रश्न टाळा. मान हलवली की विषय संपतो.

धाकट्याकडे मात्र आत्ताच लक्ष द्या. भावंडं आपसांत इंग्रजी बोलू लागली की पाहता पाहता घराची भाषा बदलते. त्याची अंघोळ चालू असताना कोपर, घोटा, टाच, मान ही नावं ताईलाच त्याला शिकवू द्या.

प्रतिसाद २
मुलं ज्याच्याशी जास्त बोलतात त्याची क्रियापदं उचलतात. म्हणून आईजवळ वाढणारा मुलगा “मी जाते” म्हणतो. भारतात गल्लीतली पोरं हे आपोआप सुधारतात, तिकडे ते तुम्हालाच करावं लागेल. हसू मात्र नका, एकदा हसलात की मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

दुसरी नेहमीची चूक “मी पोळी खाल्लो”. इंग्रजी क्रियापद कर्माकडे बघत नाही, आपलं बघतं. नियम सांगून उपयोग नाही. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं: जेवण झाल्यावर ताटात काय काय होतं त्यावर रोज तीन वाक्यं पुरेत. “पाणीत” म्हणाली तर “हो, पाण्यात टाक” म्हणून पुढे चला.

प्रतिसाद ३
लिपी आत्ता सुरू करायला हरकत नाही. फक्त ‘क’पासून नको, ग म भ न पासून करा. चारच अक्षरांत मन, मग, नभ, गगन वाचता येतात आणि पहिल्याच आठवड्यात मूल शब्द वाचतं. मग काना: मामा, नाग, भाग. नंतर दीर्घ वेलांटी: मी, मामी. ऱ्हस्व वेलांटी उशिरा घ्या, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. मुलं तिथेच अडखळतात. रफार त्याहून पुढे.

रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय लावू नका. त्यात ‘काल’ आणि ‘काळ’ एकसारखेच दिसतात. फोनवर देवनागरी कीबोर्ड घाला.

बृहन्महाराष्ट्र मंडळाशी (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना) जोडलेली मराठी शाळा जवळ असेल तर जरूर घाला, मुख्य म्हणजे तिथे मराठी बोलणारी समवयस्क मुलं भेटतात. पण आठवड्यातून एकदाच्या वर्गावर अक्षरं टिकत नाहीत. घरी रोज दहा मिनिटं हवीत.

प्रश्नकर्ती
आणि आजीशी व्हिडिओ कॉल? “शाळेत काय केलं?” ला “काही नाही” एवढंच येतं. मग आजीच इंग्रजीत विचारू लागते.

प्रतिसाद १
आजींना सांगा, इंग्रजी अजिबात नको. त्यांना मराठीच येते असं वाटलं तरच नात मराठीत बोलेल. आणि खेळ द्या: तिने एक वस्तू पाठीमागे लपवायची, आजीने विचारायचं, गोल आहे का लांबट? मऊ की कडक? कशाला वापरतात? मग आजी लपवेल आणि हेच प्रश्न नातीला विचारावे लागतील.