सहीनंतरच खरं काम सुरू होतं
वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं मिळून चालवतात तो आंतरराष्ट्रीय संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम कुलगुरूंचा पाठिंबा मिळाला की मार्गी लागतो, असं म्हटलं जातं. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या विद्यापीठाची भागीदार विद्यापीठाशी करारावर सही महिन्याभरात झाली; अडलो ते परीक्षा विभागात. एक विद्यार्थिनी भागीदार विद्यापीठात दुसरं सत्र शिकत होती आणि आमची संगणक प्रणाली तिला 'गैरहजर' दाखवत होती. बाहेर मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) भरायला रकानाच नव्हता! म्हणून कळकळीने सांगते, परीक्षा, शुल्क, वसतिगृह सांभाळणाऱ्यांना कराराच्या पहिल्या मसुद्यापासून सोबत घ्या.

इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या संयुक्त पदव्युत्तर योजनेत तर किमान ३ देशांतली ३ विद्यापीठं लागतात, म्हणजे असे रकाने तिप्पट.

अभ्यासक्रमाच्या गुणवत्ता-मूल्यांकनाच्या कटकटीची भीती घालणारे सहकारी भेटतीलच. युरोपातल्या शिक्षणमंत्र्यांनी २०१५ मध्ये येरेवानला (आर्मेनिया) मान्य केलेली पद्धत त्यांना दाखवा: देशाचे नियम आड येत नसतील तर संपूर्ण संयुक्त अभ्यासक्रमाचं एकच मूल्यांकन पुरतं.

आणि समन्वयाचे तास अध्यापनाच्या कार्यभारात धरले जातील, हे लेखी घ्या. आमच्याकडे दोन वर्षं ते धरलेच नाहीत. जीव ओतून काम करणारी समन्वयक शेवटी थकून बाजूला झाली.