प्रतिसाद: दारू प्यायला म्हणजे सदोष मनुष्यवध?

वर कुणीतरी लिहिलंय की चालक दारू प्यायलेला असला की सदोष मनुष्यवध आपोआप सिद्ध होतो. तसं होत नाही. हयगयीने मृत्यू म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), कमाल ५ वर्षं (जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये फक्त २ होती). कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, याखाली १० वर्षांपर्यंत न्यायचं तर आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो ही जाणीव चालकाला होती, हे सिद्ध करावं लागतं.

मुंबईतल्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले ७ मजूर गाडीखाली मेले. सत्र न्यायालयाने ते ३०४-अ धरलं, उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन (जाणीव असतानाचा सदोष मनुष्यवध, जो आता १०५ मध्ये आहे) लावून ३ वर्षं दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलीला ११२ मिलीग्रॅम अल्कोहोल होतं. मर्यादा १०० मिलीला ३० मिलीग्रॅम, म्हणजे जवळपास पावणेचारपट.

खटला बऱ्याचदा ढिला पडतो तो रक्ताच्या बाटलीपाशी. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसली (त्यातच अल्कोहोल असतं), बाटलीत नमुना टिकवणारं सोडियम फ्लोराइड नाही, सील किंवा पंचनाम्यातली वेळ जुळत नाही: बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.