तुमच्या कामातलं त्या लेखकाला खरंच कळत होतं का? : जुन्या इंग्रजी कादंबऱ्या आणि आपले अनुभव

इंग्रजी अभिजात कादंबऱ्यांवर आपल्याकडे दोनच तऱ्हेचं लिखाण सापडतं. एक परीक्षेच्या गाइडातलं, म्हणजे पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती वगैरे. दुसरं हात जोडून लिहिलेलं. दोन्ही वाचून ते पुस्तक उघडावंसं वाटत नाही. खरं तर यातली कित्येक पुस्तकं त्या वेळी हप्त्याहप्त्याने विकली गेली. डिकन्सचा मासिक भाग एका शिलिंगला मिळायचा, आणि पुढच्या भागाकडे डोळे लावून बसणाऱ्यांत कारकून आणि दुकानदारही असत.

म्हणून तुम्हा सगळ्यांना एकच प्रश्न विचारते. तुम्ही ज्या कामात मुरलेले आहात, त्यातलं या लेखकांना काही कळत होतं का? कादंबरी कुठल्याही प्रकारची चालेल, रहस्यकथा, प्रेमकथा, विनोदी, काहीही. कंटाळा आला असेल तर तेही लिहा. शेवट फोडायला हरकत नाही, इतक्या वर्षांनी आता कोण रागावणार!

लातूर, मोंढ्यातलं अडत दुकान

माझं पुस्तक थॉमस हार्डीचं 'द मेयर ऑफ कास्टरब्रिज' (१८८६). सुरुवात बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. दारूच्या अमलाखाली मायकेल हेंचर्ड जत्रेत बायको आणि लहानगी पोर पाच गिनींना एका खलाशाला विकून टाकतो. परीक्षणं लिहिणारे तिथंच अडकून पडतात. मला कादंबरी लागली ती पुढं, हा माणूस गावातला बडा धान्यव्यापारी आणि मेयर झाल्यावर. मेजवानी चालू आहे, आणि बाहेर गावकरी त्याच्या नावानं बोटं मोडतायत, कारण त्यानं विकलेला गहू मोड आलेला निघाला आणि गावभरचे पाव बिघडले. हेंचर्ड भरसभेत सुनावतो की मोड आलेल्या गव्हाचा चांगला गहू करून दाखवा, मग परत घेतो माल. काढणीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनचा वांधा ज्यानं मिटवलाय त्याला हा आवाज ओळखीचा वाटेल. ढेरी समोर पडलेली, शेतकरी म्हणतो बघा की दाणा, खरेदीदार म्हणतो डागी आहे, आणि मधे आम्ही.

पण खरी कमाल सव्विसाव्या प्रकरणात आहे. प्रतिस्पर्धी फार्फ्रेला खाली पाडायचं म्हणून हेंचर्ड रात्री, भर पावसात, हवामान वर्तवणाऱ्या एका माणसाकडे लपतछपत जातो. तो सांगतो, ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा पावसाचा. पीक बुडणार, तेजी येणार, असं धरून हेंचर्ड झेपेल त्यापेक्षा जास्त माल उचलतो. मग कडक ऊन पडतं. भाव कोसळतात, बँकेचं देणं डोक्यावर, घाबरून तो घाट्यात माल काढतो. आणि कापणी सुरू होते न होते तोच हवा फिरते. फार्फ्रेनं दरम्यान पडेल भावात बेताबेतानं घेऊन ठेवलेलं असतं. हार्डी इथं एक वाक्यही जास्तीचं खर्च करत नाही. तेजी-मंदी ज्यानं आयुष्यात एकदा तरी खेळलीय त्याच्या पोटात खड्डा पडतो. घेताना घाई आणि विकताना भीती, या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून येतात हे हार्डीला पक्कं कळलेलं होतं.

तक्रार आहे, नाही असं नाही. जो तो योगायोगानं फिरून याच गावात येतो. बायको येते, खलाशी येतो, जत्रेतली लापशीवाली म्हातारीसुद्धा. एवढी आवक तर आमच्या मोंढ्यातही नसते. पण हेंचर्डचं मृत्युपत्र वाचा. माझ्या थडग्यावर फुलं लावू नका, कुणी माझी आठवण काढू नये. तिथं माझी तक्रार विरून जाते.

तालुक्याच्या गावातला डॉक्टर, सांगली जिल्हा

जॉर्ज इलियटची 'मिडलमार्च' (१८७१-७२). लेखिकेचं खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. पुस्तक जाडजूड आहे, आणि डोरोथिया आणि तिचा तो पोथ्यांत बुडालेला म्हातारा नवरा यांची सुरुवातीची प्रकरणं मी दात-ओठ खाऊनच संपवली. मग लिडगेट येतो. पॅरिसमध्ये शिकून आलेला तरुण डॉक्टर, काळ १८३०च्या आसपासचा.

लिडगेट ठरवतो की औषधं लिहून द्यायची, पण स्वतः विकायची नाहीत, आणि औषधवाल्याकडून टक्केवारीही घ्यायची नाही. इथं मी पुस्तक खाली ठेवलं आणि चहा करून आणला. त्या काळी साध्या डॉक्टरची मिळकत औषधांच्या बिलावरच असायची, त्यामुळे गावातले बाकीचे डॉक्टर खवळतात. पण रुग्ण खूश व्हावेत की नाही? तेही नाहीत. मॉम्सी नावाचा किराणा दुकानदार असतो, त्याच्या बायकोला वर्षानुवर्षं 'ताकदीचं' औषध चालू. लिडगेट त्याला चांगल्या मनानं समजावतो की बिल वाढवायला डॉक्टर मंडळी उगाच बाटल्या भरतात. मॉम्सीला हा स्वतःचा अपमान वाटतो. मी इतकी वर्षं मूर्ख म्हणून पैसे मोजले का? बायको वर म्हणते, नुसतं घरी येऊन, बसून, निघून जायचे पैसे कोण देणार याला! बघता बघता गावात होतं की नवा डॉक्टर म्हणतो औषधांचा उपयोगच नसतो.

माझ्या दवाखान्यात हाच संवाद सुईवरून आणि सलाईनवरून होतो. "व्हायरल आहे, गोळीची गरज नाही, पाणी प्या, दोन दिवसांनी या" असं सांगितलं की आजी उठतात, समोरच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतात आणि जाताना हात हलवतात.

पुढे लिडगेट बुडतो तो कुठल्या मोठ्या पापामुळे नाही. फर्निचरचं कर्ज, राहणीमान, आणि चुकीच्या माणसाकडून चुकीच्या वेळी घेतलेले हजार पौंड. शेवटी त्याची प्रॅक्टिस उत्तम चालते, श्रीमंतांच्या गाउटवर तो ग्रंथ लिहितो आणि पन्नाशीतच जातो. लोकांच्या लेखी यशस्वी, स्वतःच्या लेखी वाया गेलेला. वैद्यकीय प्रवेशाच्या शुभेच्छांबरोबर हे पुस्तक कोणी देत नाही हे बरंच आहे.

जिल्हा न्यायालयातून निवृत्त बेंच क्लार्क, सातारा

लातूरकरांनी धान्याचं लिहिलं, मी तारखेचं लिहितो. डिकन्स, 'ब्लीक हाऊस' (१८५२-५३). जार्न्डिस विरुद्ध जार्न्डिस हा मृत्युपत्राचा दावा लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात पिढ्यान् पिढ्या चाललाय. मूळ वाद काय होता हे पक्षकारांनाही आठवत नाही. वाटणीच्या दाव्यात आजोबांनी वकीलपत्र दिलं, बापानं वारस लावून घेतले, आणि दरखास्तीला नातू उभा, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय, त्यामुळे मला त्यात अतिशयोक्ती दिसली नाही.

मिस फ्लाइट नावाची एक म्हातारी आहे. रोज न्यायालयात येते, पिशवीत कागद, आज-उद्या निकाल लागणार याची खात्री. घरी तिनं पक्षी पिंजऱ्यात ठेवलेत, निकाल लागला की सोडायचे म्हणून. अशी माणसं प्रत्येक कोर्टात असतात. शिपाई त्यांना नावानं ओळखतो, तारीख नसली तरी बसू देतो. आमच्याकडच्या बाबांच्या हातात खताची रिकामी पिशवी असायची, आत सातबारे, आणि प्रत्येक उताऱ्याला वेगळ्या रंगाची सुतळी.

आणि दाव्याचा शेवट! एक दिवस कळतं की खटला संपला, कारण सगळी मालमत्ता खर्चातच गेली. कागदांचे गठ्ठे बाहेर काढले जातायत आणि वकील, कारकून पोट धरून हसतायत. हसण्याचं वाचून मला राग आला होता. मग आठवलं, जुनं रेकॉर्ड नष्ट करायला काढतात तेव्हा आम्हीही हसतच असतो.

*मधेच एक भर घालते. डिकन्सला हे ऐकीव माहीत नव्हतं. पोरवयात तो वकिलाकडे कारकून होता, नंतर न्यायालयाचा वार्ताहर. आणि 'अ ख्रिसमस कॅरल'ची चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांवर त्यानं १८४४ साली याच चॅन्सरी न्यायालयात दावा लावला होता. जिंकला, पण समोरचे दिवाळखोर झाले आणि खर्च याच्याच गळ्यात पडला. पुढे बोला.*

गृहिणी, ठाणे

माझं काम काय म्हणाल तर घर चालवणं, आणि त्यातलं जेन ऑस्टिनला जितकं कळलं तितकं फार थोड्यांना. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) म्हटलं की सगळ्या डार्सीवर फिदा. माझी बाई शार्लट लुकास. वय सत्तावीस, रूप बेताचं, हुंडा नाही. नायिका एलिझाबेथनं नाकारलेल्या त्या बोलघेवड्या कॉलिन्सला ती डोळे उघडे ठेवून होकार देते. मैत्रीण हादरते. मी कॉलेजात असताना मीही हादरले होते.

पण मग एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते तो भाग बघा. तिला प्रश्न पडतो की शार्लटनं बसायला मागची खोली का निवडली, दुसरी तर जास्त चांगली आहे. मग उमगतं. नवऱ्याची पुस्तकांची खोली रस्त्याच्या बाजूला, येणारी-जाणारी गाडी दिसते, म्हणून तो तिथंच रमतो. बायकांची खोलीही तितकीच छान असती तर तो सारखा इकडे येऊन बसला असता! वर बागकाम तब्येतीला किती चांगलं, असं म्हणून ती त्याला बागेतही पाठवते. सासरे निवृत्त झाल्यावर आमच्या सासूबाईंनी टीव्ही बाहेरच्या खोलीत हलवला तो का, हे मला त्या पानावर कळलं.

एलिझाबेथच्या आईला, मिसेस बेनेटला हसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की नवरा गेल्यावर ते घर पाच मुलींपैकी एकीलाही मिळणार नव्हतं, थेट नात्यातला पुरुष म्हणून कॉलिन्सकडे जाणार होतं. तिची मुलींच्या लग्नाची घाई बावळट आहे, पण अकारण नाही. बेनेट बाबा मात्र टोमणे मारत पुस्तकात डोकं घालून बसतात आणि वाचक त्यांना हुशार म्हणतात. मला ते कधीच आवडले नाहीत.

लीड्स, मूळची कोल्हापूरची

एमिली ब्राँटेचं हॉवर्थ इथून जवळ आहे, पाहुणे आले की न्यावंच लागतं. 'वदरिंग हाइट्स' (१८४७) मधला वारा शंभर टक्के खरा आहे, तिथल्या माळावर छत्री उघडून दाखवा. बाकी त्यातल्या नायकाला, हीथक्लिफला, लोक प्रेमवीर का म्हणतात ते मला समजलेलं नाही. मी घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायकांसोबत काम करते. माझ्या मते एमिलीला तो कोण आहे ते चांगलं माहीत होतं. पोस्टर छापणाऱ्यांना नाही.

इंदूर, संगीत शिक्षिका

ई. एम. फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) बद्दल बोलताना सगळे गुहेतच घुसतात, जिथं आपल्यावर हल्ला झाला असं एक इंग्रज तरुणी म्हणते. गुहेत काय झालं, झालं की नाही झालं. मला तिसरा भाग प्रिय आहे, 'टेंपल'. तो आमचा आहे, अगदी अंतरानंही. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरली पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचा खाजगी चिटणीस होता आणि तिथल्या गोकुळाष्टमीत तो वावरला. कादंबरीतला जन्मोत्सव त्यातूनच आलाय.

तिथं प्राध्यापक नारायण गोडबोले देवापुढे भजनात उभे आहेत आणि मंडळी तुकारामांच्या नावाचा गजर करतायत, इंग्रजी कादंबरीत! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं वाचून आईला ऐकवलं. गर्दी, गोंगाट, मूर्ती फुलांत बुडालेली, कोणाला काही धड दिसत नाही, आणि तरी कोणाची हरकत नाही. एका क्षणी गोडबोल्यांना एक परकी म्हातारी आठवते, मग दगडावर बसलेली एक गांधीलमाशी, आणि ते दोघींना आपल्या भजनात ओढून घेतात. दगडही घ्यायला जातात, तो काही जमत नाही. भजनात ज्याचा खरंच सूर लागलाय त्याच्या मनाचं चालणं असंच असतं. फॉर्स्टर स्वतः त्या गोंधळानं भांबावला होता, तरी त्यानं त्यावर नाक मुरडलं नाही. गाण्याच्या तांत्रिक बाजूवर मात्र त्याचं ऐकू नका.

पोलीस खात्यातून निवृत्त, अमरावती

विल्की कॉलिन्स, 'द मूनस्टोन' (१८६८). श्रीरंगपट्टणच्या १७९९च्या लुटीतला हिरा इंग्लंडमधल्या एका बंगल्यातून चोरीला जातो. पहिला अधिकारी येतो आणि आल्या आल्या नोकरांना चोर समजून दम भरतो. झालं, साक्षीदार गेले. मग लंडनहून सार्जंट कफ येतो, गुलाबांवर जीव असलेला. दाराच्या ओल्या रंगावर एक पुसट डाग पडलाय. पहिला म्हणतो, कोणाचा तरी झगा लागला असेल, क्षुल्लक बाब. कफ विचारतो, रंग कधी लावला, वाळायला किती तास लागतात, शेवटचा स्वच्छ कोणी पाहिला? बारा तासांत वाळतो, मध्यरात्री डाग नव्हता, पहाटे तीनला रंग वाळला. म्हणजे वेळ ठरली. आता रंग लागलेला कपडा शोधा, धोब्याच्या वहीशी ताळा करा. पंचनामा कसा करावा हे नव्या पोरांना शिकवायला मी हा भाग तोंडी सांगायचो. कोणत्या पुस्तकातला ते सांगत नसे, नाहीतर 'साहेब गोष्टी सांगतात' म्हणून ऐकलं नसतं.

शिवाय हिऱ्यामागे आलेले तीन ब्राह्मण. १८५७ नंतर जेमतेम दहा वर्षांत लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात त्यांना राक्षस केलेलं नाही. हिरा शेवटी काठेवाडात, सोमनाथाच्या देवाच्या कपाळी परत जातो, आणि लेखकाची त्याला हरकत दिसत नाही. उकल मात्र मला पटत नाही. अफूच्या अमलात केलेली गोष्ट वर्षभरानं पुन्हा अफू देऊन करवून घ्यायची? कोर्टात टिकलं नसतं. साताऱ्याच्या साहेबांना विचारा.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, नागपूर

सगळे फार गंभीर झालेत. विनोदी लेखक वुडहाउस तरुणपणी लंडनमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत दोन वर्षं कामाला होता, १९०२ साली सुटला. त्यावर त्यानं 'स्मिथ इन द सिटी' (१९१०) लिहिली. कायम त्याच्या जीव्ह्ज या नोकराच्या गोष्टीच वाचणाऱ्यांनी ही जरूर वाचावी. स्मिथ टपाल विभागात रुजू होतो. वरिष्ठ, मिस्टर रॉसिटर, कडक. स्मिथ आधी चौकशी करतो की या गृहस्थांचा वीक पॉइंट काय. कळतं, मँचेस्टर युनायटेड. पठ्ठ्या फुटबॉलची माहिती घोकतो आणि मग काम सोडून साहेबांशी फक्त त्यावरच बोलतो. आठवड्यात साहेब खिशात.

आमच्या शाखेत हे क्रिकेटवर चालायचं नाही, कारण क्रिकेट सगळ्यांनाच येतं. आमचे मॅनेजर होमिओपॅथीचे भोक्ते होते. एका सहकाऱ्यानं त्यांच्याकडून बारा वर्षं सर्दीच्या साबुदाण्याच्या गोळ्या घेतल्या आणि बारा वर्षं त्याची बदली झाली नाही. त्याला सर्दी कधीच नव्हती.