शब्दचर्चा: ‘न्यूरोपेप्टाइड’ आणि ‘इम्युनोसेनेसन्स’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न, अमळनेरहून

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी मी एक टिपण लिहीत आहे. वय वाढले की प्रतिकारशक्तीच्या पेशींचे काम कसे बदलते आणि मज्जातंतूंमधून स्रवणारी न्यूरोपेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, त्या कामाला कसे वळण लावतात, हा त्याचा विषय आहे. न्यूरोपेप्टाइडसाठी मी ‘मज्जापेप्टाइड’ आणि इम्युनोसेनेसन्ससाठी ‘प्रतिकारशक्तीचे वार्धक्य’ असे शब्द योजले आहेत. ते योग्य आहेत का? शिवाय ‘नियमन’ लिहावे की ‘नियंत्रण’, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर, धुळ्याहून

सर, ‘मज्जापेप्टाइड’ हा शब्द एरवी चालून गेला असता, परंतु नेमक्या याच विषयात तो घात करील. मराठीत ‘मज्जातंतू’मध्ये मज्जा आहे आणि ‘अस्थिमज्जे’तही मज्जा आहे, प्रतिकारपेशी जन्माला येतात त्या या दुसऱ्या मज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीत. त्यामुळे हे पेप्टाइड हाडातच तयार होते, असा वाचकाचा समज होईल. शालेय पुस्तकांमुळे ‘चेतासंस्था’ आणि ‘चेतापेशी’ हे शब्द रुळले आहेत, म्हणून ‘चेतापेप्टाइड’ लिहावे. ‘तंत्रिका’ हा शब्द काटेकोर आहे, पण तो बोलण्यात आलेला मी कधी ऐकला नाही.

आणखी एका ठिकाणी जपावे लागेल. फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी 1931 साली शोधलेला ‘सबस्टन्स पी’ हा 11 अमिनो आम्लांचा चेतापेप्टाइड पेशीवरच्या ज्या ग्राही रेणूला जाऊन चिकटतो, त्याचे नाव ‘एनके-1’ आहे आणि तिथे ‘एनके’ म्हणजे न्यूरोकायनिन. ‘एनके पेशी’, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या प्रतिकारपेशी, या नावातले ‘एनके’ मात्र नॅचरल किलर या शब्दांचे आहे. दोन्ही एकाच परिच्छेदात आले तर जाणकारही अडखळेल. पेशींना सरळ ‘नैसर्गिक मारक पेशी’ म्हणावे.

‘नियमन’ हाच शब्द ठेवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पांझरा नदीवरच्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, पाणी कोणत्या फडाला, कधी आणि किती वेळ सोडायचे ते पाहतो. नदी त्याच्या ताब्यात नसते आणि पिकाची वाढही त्याच्या हुकमाने होत नाही. चेतापेप्टाइडांचे काम असेच आहे. सबस्टन्स पी सामान्यतः दाह वाढवतो, तर 28 अमिनो आम्लांचा व्हीआयपी (व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड) हा पेप्टाइड बहुतेक वेळा तो शमवतो. परंतु परिणाम किती होणार, हे त्या पेशीवर कोणते ग्राही रेणू आहेत आणि पेशी कोणत्या अवस्थेत आहे, यावर ठरते. पाट तोच असला तरी जमीन बदलली की ओल बदलते. ‘नियंत्रण’ या शब्दात हे सारे हरवते.

उत्तर, बामणोदहून

‘वार्धक्य’ या शब्दाबद्दल थोडे लिहिते. आमच्याकडे भरिताचे वांगे वेळेवर तोडले नाही तर ते ‘जून’ होते: ते वाढायचे थांबते, आत बी टणक होते, पण झाडावरून गळत नाही. ज्या पेशी विभागणे कायमचे थांबवतात, तरीही मरत नाहीत आणि आजूबाजूला दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात, त्यांना ‘जून पेशी’ म्हणण्याइतका नेमका शब्द मला दुसरा सुचत नाही. मात्र म्हाताऱ्या माणसाची प्रत्येक पेशी जून नसते, म्हणून संपूर्ण घडामोडीला तुमचे ‘प्रतिकारशक्तीचे वार्धक्य’ हेच नाव राहू द्यावे.

त्याचा अर्थ सांगताना ‘शक्ती कमी होते’ एवढ्यावर थांबू नये. घरी आजी ‘आंगमा जोर नही ऱ्हायना’ म्हणायची. ते तिच्या अनुभवाचे खरे बोल होते, पण पेशींची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. नैसर्गिक मारक पेशींची संख्या वयानुसार बऱ्याचदा वाढते, पण एकेका पेशीची मारण्याची ताकद उतरते. त्याच वेळी अंगात मंद दाह सतत धुमसत राहतो. टी पेशी या प्रतिकारपेशींच्या प्रकारात ‘नवख्या’, म्हणजे कोणत्याही रोगजंतूशी अद्याप गाठ न पडलेल्या पेशी घटतात आणि ‘स्मृतिपेशी’ साचत जातात. म्हणून जुन्या ओळखीच्या रोगापेक्षा नव्या रोगापुढे वृद्ध शरीर अधिक अडते. ‘नवखी’ हा शब्द कोशात शोधावा लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

या नवख्या पेशी थायमसमध्ये घडतात. थायमसला मराठीत ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव आहे आणि ते कृपया वगळू नका. ही ग्रंथी वयात आल्यानंतर आक्रसू लागते आणि तिची जागा चरबी घेते. म्हातारपणी दिसणाऱ्या उणिवेची सुरुवात तारुण्यातच होते, ही गोष्ट कोणा मराठी शब्दकाराने नावातच बांधून ठेवली आहे.

अमळनेरहून

ताई, सर, आपले मनापासून आभार. ‘मज्जापेप्टाइड’ खोडले आहे. ‘यौवनलोपी ग्रंथी’ पहिल्याच परिच्छेदात घेतली असून, वाचकांना ओळख पटावी म्हणून पहिल्या उल्लेखाशेजारी ‘थायमस’ ठेवला आहे.